लोकनायक अणे यांच्या निवडणुका व मतें : एक साधनचिकित्सा

माधव श्रीहरि ऊर्फ बापूजी अणे (जन्म वणी, १८८०, मृत्यु २६ जानेवारी १९६८) यांच्या राजकीय चरित्रासंबंधीं दोन प्रकारचें लेखन आमच्या पाहण्यांत वारंवार येतें. एक स्तुतिपर, त्यांत ते आद्यंत टिळकनिष्ठ ठरतात. दुसरें आक्षेपपर, त्यांत पक्षांची माळ लावून पुरुष चंचल होता असें सुचविलेलें असतें. दोहोंचा आधार एकच, तो म्हणजे निवडणुकांच्या याद्या व कायदेमंडळांतील मतविभागणीचीं कोष्टकें. हीं साधनें छापील असल्यामुळें तीं तपासण्याचें कारण नाहीं असा लेखकांचा समज दिसतो. हस्तलिखिताच्या पाठाविषयीं आपण जितके साशंक असतों, तितकें छापील यादीविषयींही असलें पाहिजे, हें येथें दाखवावयाचें आहे.

पहिली अडचण वऱ्हाडची. १९२४ ते १९३० या काळांत अणे मध्यवर्ती विधिमंडळाचे सभासद होते, परंतु सभासदांच्या यादींत त्यांचें नांव सामान्य निर्वाचितांच्या ओळींत न येतां ‘वऱ्हाडचे प्रतिनिधि’ म्हणून निराळें येतें. कारण असें कीं, वऱ्हाड कायद्यानें ब्रिटिश हिंदुस्थानाचा भागच नव्हता. १८५३ च्या तहानें तो इंग्रजांच्या ताब्यांत आला आणि १९०२ सालीं वार्षिक २५ लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें राहिला; स्वामित्व निजामाचें. परमुलखांतून प्रतिनिधि निवडून घेणें कायद्यास परवडेना. तेव्हां युक्ति काढली ती ही, कीं वऱ्हाडांत निवडणूक व्हावी आणि जो निवडून येईल त्यास गव्हर्नर जनरलनें ‘नियुक्त’ करावें. १४५ सभासदांच्या त्या सभेंत निर्वाचित किती, याचा आंकडा कोणी १०४ देतो, कोणी १०५. हा भेद, आमच्या मतें, याच एका जागेमुळें उत्पन्न झाला आहे. अणे यांस ‘सरकारनियुक्त’ म्हणून हिणविणाऱ्यानें यादी वाचली, पण नियम वाचला नाहीं.

धनज हें गांव तेव्हां अकोला जिल्ह्यांत होतें (वाशीम जिल्हा १९९८ सालीं निराळा झाला). सारावर्गणीच्या अटीमुळें येथील ज्या थोड्या खातेदारांस मत होतें, तें या वऱ्हाडच्या एका जागेसाठींच पडे. उलट १९५९ ची पोटनिवडणूक व १९६२ ची निवडणूक अणे यांनीं जिंकली ती नागपूर मतदारसंघांतून. तींत धनजचाच काय, वणीचाही मतदार नव्हता. ‘वऱ्हाडनें त्यांना अखेरपर्यंत निवडून दिलें’ हें वाक्य स्तुतिपर लेखनांत सर्रास आढळतें. तें सोडून द्यावें.

आतां पक्षांची माळ. स्वराज्य पक्ष, नंतर १९२६ च्या फेब्रुवारींत अकोल्यास स्थापन झालेला प्रतियोगी सहकारितेचा पक्ष, जयकर, केळकर व मुंजे यांच्या समवेत, १९३० सालीं सभात्याग व पुसद येथें जंगलसत्याग्रह, १९३३ सालीं काँग्रेसचें हंगामी अध्यक्षपद, १९३४ सालीं मालवीयजींसह काँग्रेस राष्ट्रीय पक्ष. नुसती नांवें मोजलीं तर चंचलता दिसेल. परंतु प्रतियोगी सहकारिता हा शब्दच टिळकांचा, १९१९ च्या अमृतसर काँग्रेसच्या वेळचा. मिळेल तें घ्यावें, उरलेल्यासाठीं भांडावें आणि भांडणाची जागा प्रसंगानुरूप बदलावी, हें सूत्र धरलें म्हणजे सभागृह, जंगल व पुनः सभागृह हा क्रम विसंगत राहत नाहीं. १९३४ सालीं काँग्रेसनें मालवीय व अणे यांच्या विरुद्ध उमेदवार न उभे करण्याचें ठरविलें, यावरूनही हा भेद घरचा होता असें समकालीनांस वाटत होतें हें उघड आहे.

मतविभागणीचा खरा कस १९३५ च्या फेब्रुवारींत लागतो. संयुक्त समितीच्या अहवालावरील जीनांची दुरुस्ति भागशः मतास टाकली गेली. जातीय निवाडा तूर्त स्वीकारावा, हा पहिला भाग. प्रांतिक व संघराज्यविषयक योजनेवर टीका करणारे पुढील भाग काँग्रेसच्या साह्यानें ७४ विरुद्ध ५८ मतांनीं संमत झाले. पहिल्या भागावर मात्र काँग्रेस तटस्थ राहिली; निवाडा ‘स्वीकारीतही नाहीं, नाकारीतही नाहीं’ हें तिचें धोरण. अणे यांच्या पक्षाचा जन्मच निवाड्याच्या विरोधांतून झालेला, तेव्हां त्यानें उघड विरोध केला. येथें साधनाचा स्वभाव ध्यानांत घ्यावा. त्या काळच्या विभागणींत अनुकूल व प्रतिकूल अशा दोनच याद्या छापीत. तटस्थ हा कोणत्याच यादींत नसतो, आणि आजारी, गैरहजर व बुद्ध्या मौन धरणारा हे तिघे एकाच रिकाम्या जागेंत जाऊन बसतात. लोकसभेंत १९५७ पासून विद्युद्यंत्रानें मतें नोंदूं लागले. त्या सोयीची अपेक्षा मागील काळाविषयीं करतां येत नाहीं. ज्यांनीं कोष्टकावरून अणे यांस ‘काँग्रेसविरुद्ध मत देणारे’ ठरविलें, त्यांनीं हें पाहिलें नाहीं कीं त्या प्रश्नावर काँग्रेसचें मतच नव्हतें. ज्या मताचा प्रतिपक्ष यादींत नाहीं, तें मत ‘विरुद्ध’ कोणाच्या?

येथवर आम्ही अणे यांच्या बाजूनें बोललों. पुढील प्रकरणीं तसें बोलतां येत नाहीं. जुलै १९४१ मध्यें व्हाइसरॉयचें कार्यकारी मंडळ वाढविलें, त्यांत अणे यांनीं परदेशस्थ हिंदी लोकांचें खातें घेतलें. तेच नांव, तेंच सभागृह, पण आतां ते सरकारपक्षाचे सभागृहनेते. पूर्वी निर्वाचित असून नियुक्त म्हणविले गेले, ते आतां खरोखरीचे नियुक्त झाले. १९४१ ते ४३ मधील त्यांचें प्रत्येक मत सरकारचें मत समजून वैयक्तिक हिशेबांतून वगळावें. स्तुतिकारांनीं व निंदकांनींही तें मिसळलें आहे. परंतु वगळल्यानें प्रश्न मिटत नाहीं. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं गांधी व कार्यकारी समिति बंदींत गेली. अणे यांनीं राजीनामा दिला तो १७ फेब्रुवारी १९४३ रोजीं, मोदी व सरकार यांच्यासह, गांधींच्या उपोषणप्रसंगीं. मधील सहा महिन्यांत चिमूर घडलें. तेथील स्त्रियांवरील अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळी दिल्लीस अणे यांच्याच घरीं गेले, चिमुरास चला म्हणाले, आणि नकार मिळतांच तेथेंच उपोषणास बसले. वऱ्हाड-नागपुराच्या प्रतिनिधीस ही हाक त्याच्या उंबरठ्यावर येऊन पोंचली होती. प्रतियोगी सहकारितेंतील ‘प्रतियोग’ त्या नोव्हेंबरांत कोठें होता, असें विचारण्याचा वाचकास अधिकार आहे. राजीनाम्याचें वर्णन रंगवून करणारे चरित्रकार भन्साळींस एका वाक्यांत उरकतात, हा आमचा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप होय.

त्यांचें ‘तिलकयशोऽर्णवः’ हें संस्कृत महाकाव्य, ज्यास १९७३ सालीं मरणोत्तर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तें काहीं लेखक त्यांच्या राजकारणाचें समर्थनपत्र म्हणून पुढें करतात. काव्य म्हणून त्याचा आदर करावा. त्याचा नायक टिळक, अणे नव्हेत. कवीच्या भक्तीवरून त्याचें मतदान सिद्ध होत नाहीं.

१९५९ व १९६२ च्या विजयांविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. ते अपक्ष म्हणून, नागविदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्यावर निवडून आले. १९५५ सालीं राज्यपुनर्रचना आयोगानें आठ जिल्ह्यांच्या विदर्भाची शिफारस केली होती, तिचेंच बळ त्यांस होतें. १९६२ सालीं त्यांचें वय ८१ वर्षांचें होतें. स्वतंत्र विदर्भाचा प्रश्न येथें निकालांत काढण्याचा आमचा हेतु नाहीं.

कारंजा, मूर्तिजापूर, वाशीम व पुसद या भागांतील संग्राहकांस एक विनंति. मोडी बंडांच्या खालीं १९२६ व १९३४ च्या निवडणुकींचीं जाहीरपत्रकें व मतदारांच्या याद्या बहुधा निरुपयोगी म्हणून पडून असतात. पत्रकावर तिथि नसल्यास मुद्रणालयाचें नांव व कागदाचा आकार तरी टिपून ठेवावा, आणि तीं सुटीं न विकतां जुडग्यासह राखावींत. कोणतें पत्रक कोणत्या बंडांत सांपडलें, यावरून वाटणारा कोणत्या गटाचा होता हें पुष्कळदां कळतें.