पिठाचा कोंबडा

यशोधर राजाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकींनी लहानपणीच ऐकलेली असते. आईच्या आग्रहाखातर राजा खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा देवीला बळी देतो आणि त्या संकल्पापायी मायलेकांना जन्मोजन्मी पशुयोनीत फिरावं लागतं. आमच्या बेळगावात मराठीच्या जोडीनं कन्नडही कानावर असते, त्यामुळे जन्नकवीच्या काव्यातून, पुढे गिरीश कार्नाडांच्या नाटकातून ती पुन्हा पुन्हा भेटली. मला मात्र ही शिक्षा फारच वाटायची. पीठच ते!

गेल्या वर्षी मुलाच्या कॉम्प्युटरवर ‘डीसीएस वर्ल्ड’ हा लढाऊ विमानांचा खेळ पाहिला, तेव्हा ती गोष्ट परत आठवली.

आधी त्याची बाजू सांगते, कारण न बघता नावं ठेवणं मला पटत नाही. हा काही धडाधड गोळ्या झाडायचा पोरखेळ नव्हे. मुलगा चालवतो ते ए-१० हे अमेरिकन हल्लाविमान. त्याची नुसती माहितीपुस्तिका सहाशेहून अधिक पानांची. बॅटरी, मग छोटं सहायक इंजिन, मग एकेक मोठं इंजिन, मग दिशायंत्र जुळेपर्यंत थांबायचं. विमान धावपट्टीवर येईपर्यंत माझा कुकर होतो. एवढी चिकाटी त्यानं बारावीला दाखवली असती तर, असो. बटुमीहून उडालं की खाली काळा समुद्र, पलीकडे कॉकेशसचे डोंगर. जॉर्जिया मी अशीच पाहिली आणि खरंच हरखले.

खटकलं ते पुढे. विमानातला प्रत्येक खटका खरा. पण खालच्या गावांत माणसंच नाहीत. घरं आहेत, रस्ते आहेत, फार तर चार गाड्या. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात शत्रूचा सैनिक ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. सात नळ्यांची तोफ घरघरते, ठिपका पडतो आणि शेवटच्या अहवालात एक ओळ वाढते. नकाशावरच्या सुखुमीत १९९२-९३ साली खरं युद्ध झालं, माणसं परागंदा झाली. खेळाच्या सुखुमीत त्याची खूण मला दिसली नाही. इतकी बारीक नजर असलेल्या खेळाची नजर जमिनीशी येऊन का थांबते?

२८ मार्च २००३ला बसऱ्याजवळ दोन ए-१० विमानांनी मित्रपक्षाच्याच ब्रिटिश गाड्यांवर हल्ला केला. गाड्यांवरच्या ओळखीच्या नारिंगी खुणा वैमानिकांना रॉकेट वाटल्या. एक सैनिक गेला. कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण २००७मध्ये बाहेर आलं; चूक कळल्यावर वैमानिक रडतो, तेही त्यात ऐकू येतं. सहाशे पानांत सगळे खटके आहेत, ते रडणं नाही. खेळात आपलीच गाडी उडाली तर मुलगा “च्यक्” म्हणतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

पर्युषणात मी म्हटलं, “दहा दिवस तरी बंद ठेव रे.”

“अगं आई, कुणी मरतंय का त्यात?”

उत्तर सुचेना. आपल्या शास्त्रात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. देशासाठी लढणाऱ्या वैमानिकाची हिंसा विरोधी; गृहस्थाला ती पूर्ण सुटत नाही, हे शास्त्रालाही मान्य. पण खुर्चीत बसलेल्या माझ्या मुलाला ना शत्रू, ना राखायचा देश. विरोध वजा केला की उरतो नुसता संकल्प. खऱ्या वैमानिकाला असलेली सबबही त्याला नाही.

हे मी त्याला मोठ्या तोऱ्यात ऐकवलं असतं. पण त्याआधीच्याच रविवारी त्यानं मला खुर्चीत बसवून काठी हातात दिली होती. “आई, आता दाब.” मी दाबलं. ट्रक पेटला, आणि माझ्या तोंडून “लागला!” निघालं. आनंदानं. स्वयंपाकघरात येऊन हात धुतले. का धुतले, कोण जाणे. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले तेव्हा तो ट्रक डोळ्यांपुढून हलेना.

जन्नाच्या काव्यात तलवार लागताच पिठाचा कोंबडा आरवतो. राजाला तिथंच कळतं. या खेळात काही आरवत नाही, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

मुलानं माझं अर्धं ऐकलं. दहा दिवस शस्त्रं न लावता उडवलं. डोंगरांवरून, ढगांतून, एकदा रात्री पावसात उतरवलं, तेव्हा मीही मागं उभी होते. अकराव्या दिवशी मी भाजी चिरत होते आणि आतून तोफेची घरघर आली. मी दार लोटून घेतलं.