‘देकेदेरे’ : निघणे की वाट देणे?

‘देकेदेरे’ या लॅटिन क्रियापदाखाली कोशकार निघून जाणे, मुदत संपताच प्रांताधिकार सोडणे, मावळणे, मरणे, वाट देणे असे अर्थ सुटेसुटे मांडतात. ही सोय असली तरी तिच्यामुळे क्रियापदाचे मर्म झाकले जाते. मूळ ‘केदेरे’त जाणे आणि माघार घेणे दोन्ही आहे, ‘देकेदेरे’त गतीपेक्षा जागा मोकळी करणे महत्त्वाचे. इ. स. पू. ५० मध्ये सिसरो सिलिशियातून निघाला, तेही अधिकार सोडूनच.

व्हर्जिलच्या आठव्या गोपगीतात बैलाच्या शोधात थकलेली कालवड ओढ्याकाठी पडते. दाटलेल्या रात्रीपुढे हटण्याचेही तिला भान नाही. ‘रात्र’ येथे चतुर्थीत आहे. त्यामुळे ‘रात्र झाली तरी परतत नाही’ हा अनुवाद निर्दोष वाटला तरी अपुरा आहे. रोममध्ये मान्यवराला रस्त्यात वाट देण्यासाठी हेच क्रियापद वापरीत; रात्र येथे तशी मान्यवर होते. ‘जॉर्जिक्स’च्या तिसऱ्या सर्गात हाच प्रयोग पुन्हा येतो, पण तेथे कळपामागे एकटी रेंगाळून उशिरा रात्रीला वाट देणारी मेंढी ही रोगाची खूण आहे. नुसत्या ‘परतणे’ने हा विरोध हाती लागत नाही. आपले ‘निवर्तणे’ही, मूळ अर्थ मागे फिरणे असला तरी, आता मृत्यूलाच बांधले गेले आहे. ‘रात्रीला वाट देणे’ मात्र चतुर्थीसकट मराठीत सहज बसते.