कोणते 183 दिवस?

माझ्या पहिल्या संशोधन आराखड्यात मी बिनधास्त लिहून टाकलं होतं, ‘183 दिवसांच्या नियमानुसार कर लागत नाही.’ मार्गदर्शकांनी त्याभोवती लाल गोल काढला आणि बाजूला दोनच शब्द लिहिले: ‘कोणते 183?’ तेव्हा राग आला होता. आता दुसऱ्याचा मसुदा वाचताना माझंही पेन तिथेच अडतं. कंपनीने परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्याच्या आयकरावर जे लिहिलं जातं, त्यातला बराचसा गोंधळ या एका आकड्याचा आहे.

मुळात हे दोन वेगळे नियम. एक भारताच्या आयकर कायद्याचं कलम 6. एप्रिल ते मार्च या वर्षात 182 किंवा जास्त दिवस भारतात असलात तर तुम्ही निवासी. (60 दिवसांची दुसरी कसोटीही आहे, पण नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी 60 ऐवजी 182 लागतात.) दुसरा नियम दुहेरी कर टाळण्याच्या करारातला: निवासी भारताचे, काम दुसऱ्या देशात, तर तिथे कर कधी लागणार नाही? तिथला मुक्काम 183 दिवसांच्या आत हवा, पगार देणारा मालक तिथला नको आणि पगाराचा बोजा तिथल्या आस्थापनेवर पडलेला नको. तिन्ही अटी एकदम. वाचणारे पहिलीवरच थांबतात.

आता बघा काय होतं. पुण्याच्या कंपनीने एका इंजिनिअरला लंडनला पाठवलं, घर-कुटुंब पुण्यातच, परत येणार जूनमध्ये. मध्ये सुट्टीला फेरी नाही, लीप वर्ष नाही. तो 28 सप्टेंबरला निघाला तर भारतातले दिवस भरतात 181, म्हणजे अनिवासी. 10 ऑक्टोबरला निघाला तर 193, म्हणजे निवासी. ब्रिटनचं करवर्ष 6 एप्रिल ते 5 एप्रिल, आणि भारत-ब्रिटन करार दिवस मोजतो ते त्या वर्षात. 10 ऑक्टोबरपासून 5 एप्रिलपर्यंत 178 दिवस होतात, पुढच्या वर्षातले जूनपर्यंतचे दोनेक महिने वेगळे. सलग आठ महिने लंडनमध्ये राहूनही पहिली अट मोडत नाही! 28 सप्टेंबरला निघालेल्याचे 190 होतात, आणि भारताचा निवासी नसल्यामुळे ती सवलत त्याला तशीही मागता येत नाही. विमानाचं तिकीट बारा दिवस पुढे गेलं की कर घेणारा देश बदलतो. ओईसीडीने आपल्या नमुना करारात 1992 सालीच ‘कोणतेही बारा महिने’ असा शब्द घालून ही फट बुजवली. ब्रिटनबरोबरचा आपला 1993 चा करार मात्र जुनाच शब्द धरून आहे. का, हा प्रश्न कुणीतरी नीट घ्यायला हवा.

अनिवासी झालेल्यालाही लगेच सुटलो म्हणता येत नाही. काम लंडनला केलं, पण पगार पुण्याच्या खात्यात पडत राहिला, तर ‘भारतात मिळालेलं उत्पन्न’ म्हणून कलम 5 आडवं येतं. करकपात करणारी कंपनी बहुधा धोका पत्करत नाही. पैसे कापले जातात, आणि परताव्यासाठी भांडायचं कर्मचाऱ्याने.

माझा खरा आक्षेप मात्र दिवसांवर नाही, ‘मालक’ या शब्दावर आहे. 2006 साली ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाने ब्रिटिश गॅस इंडियाच्या प्रकरणात म्हटलं, की नोकरीसाठी बाहेर जाणारा माणूस आधी बेकार असायची गरज नाही. कंपनीने पाठवलेलाही चालतो. छान. पण मग तिकडे त्याचा मालक कोण? नेमणूकपत्र पुण्याचं, रोजचा हुकूम लंडनचा, आणि पगाराची रक्कम पुण्याची कंपनी लंडनकडून वसूल करते. उलट दिशेच्या, परदेशातून भारतात आलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये नॉर्दर्न ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या निकालात खरा मालक पाठवणारी कंपनी ठरवली. पण तो खटला सेवाकराचा होता. तो उचलून आयकराच्या प्रबंधात चिकटवू नका. करारातल्या ‘मालक’ शब्दाबद्दल ओईसीडीचं भाष्य कागदापेक्षा काम कुणासाठी आणि कुणाच्या देखरेखीखाली चाललंय हे बघतं, म्हणजे याच माणसासाठी उत्तर उलटं निघू शकतं.

तेव्हा या विषयावर काम करणार असाल तर पासपोर्टवरचे शिक्के मोजण्याआधी दोन कंपन्यांमधला करार आणि वसुलीची बिलं मिळतात का ते बघा. मला ती मिळवायला दीड वर्ष लागलं.