खाडीकांठचे पक्षी आणि आमचें गद्य

हिवाळा सुरू झाला कीं आमच्या नियतकालिकांतून एका ठराविक जातीचे लेख उतरूं लागतात. शहरापासून तासाभराच्या अंतरावर, बहुधा रविवारच्या पहांटे, चारसहा स्नेह्यांनीं मिळून केलेली पक्षिनिरीक्षणाची सहल हा त्यांचा विषय. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील लेखकमंडळी या प्रकारांत विशेष तत्पर असतात, आणि त्यांत नवल नाहीं. ठाण्याच्या एका अंगास येऊरचें रान, दुसऱ्या अंगास खाडी. डोंबिवलीकरांस भोपरची टेकडी व निळज्याचा तलाव. कल्याणकरांस उल्हास नदीचा कांठ आणि भात कापून मोकळीं झालेलीं शेतें. इतकें वैभव ज्यांच्या दारांत आहे त्यांनीं लिहावें हें योग्यच. असे लेख आम्ही आवडीनें वाचतों, हेंहि सांगून टाकलेलें बरें. तथापि छंदाचें वृत्त म्हणून न वाचतां गद्य म्हणून ते वाचले तर काय दिसतें, हें एकदां स्पष्टपणें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

त्यांची घडण जवळजवळ एकच असते. आधीं थंडी, मग चहा, मग धुकें, मग तारेवर बसलेला पहिला खंड्या. त्यानंतर 'परदेशी पाहुणे', त्यानंतर सूर्य वर येतो, आणि अखेरीस पाहिलेल्या पक्ष्यांची यादी. यादी वगळली तर उरलेल्या मजकुरांत पक्षी फारच थोडे सांपडतात. सांपडतो तो लेखकाचा आनंद. आनंद होणें यांत गैर कांहींच नाहीं. पण आनंद झाला असें सांगितल्यानें तो वाचकास होत नाहीं. याकरितां आम्ही एक साधी परीक्षा सुचवितों. वाक्यांतील पक्ष्याचें नांव पुसून तेथें दुसऱ्याचें घालावें. 'कोंवळ्या उन्हांत न्हालेला तो इवलासा जीव पाहून मन हरखलें' या धर्तीचें वाक्य घ्या, आणि त्यांत हळद्या बसवा, बुलबुल बसवा, शिंपी बसवा. वाक्याला ओरखडाहि उठत नाहीं. याचा अर्थ तें वाक्य त्या पक्ष्याविषयीं कधीं नव्हतेंच. उलट बालकवींची 'पारवा' ही कविता घ्यावी. त्या पडक्या धर्मशाळेच्या कौलारावर पारव्याच्या ऐवजीं पोपट बसवून पाहा, म्हणजे कविता कोसळते. पडक्या वास्तूची ओढ, एकाच जागीं बसून घुमणें, त्या घुमण्यांतला एकसुरीपणा, हे सर्व पारव्याचेच धर्म आहेत, आणि कवितेची उदासी त्यांवरच उभी आहे.

या दोषाचें खापर संस्कृत कविसंकेतांवर फोडण्याची आमच्याकडे रीत पडली आहे. चंद्रकिरण पिणारा चकोर, नीरक्षीर निवडणारा हंस, मेघाकडे चोंच वासणारा चातक यांनीं आमच्या डोळ्यांवर पडदा टाकला, असें म्हणतात. आम्हांस हें अर्धेंच खरें वाटतें. चातक पावसाळ्याच्या तोंडावर आफ्रिकेकडून येतो, हें आज सर्वमान्य आहे. तेव्हां त्याचा पावसाशीं जोडलेला संबंध कल्पनेचा नसून डोळ्यांनीं पाहिलेला आहे. अमरकोशांत राजहंसाची व्याख्या आहे: वर्ण शुभ्र, चोंच आणि पाय तांबडे. राजहंस म्हणजे नेमका कोणता पक्षी, हा वाद येथें आम्ही काढीत नाहीं. पण व्याख्या करणाऱ्यानें कोठें पाहिलें तें लक्षांत घ्यावें. ठाण्याच्या खाडींत आज दोन जातींचे रोहित उतरतात. त्यांतला मोठा कोणता आणि लहान कोणता हें ठरवितांना दुर्बीण डोळ्यांस लावलेला मनुष्यहि चोंचच पाहतो: मोठ्याची गुलाबी, टोंकास काळी. लहानाची गडद, काळसर तांबडी. अमरसिंहाच्या त्या अर्ध्या ओळींत जितकें निरीक्षण आहे तितकें आजच्या कित्येक चारपानी लेखांत नसतें.

ज्ञानेश्वरांचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. पहिल्या अध्यायांत त्यांनीं श्रोत्याला चकोराच्या पिलांची उपमा दिली आहे. शरदांतल्या चंद्रकळेंतील कोंवळे अमृतकण जसे तीं पिलें वेंचतात तशी ही कथा अनुभवावी, असा तो आशय. चकोर हा हिमालयाकडील खडकाळ उतारांवरचा पक्षी. प्रवरेकांठीं नेवाशास शके १२१२ मध्यें ग्रंथ सांगणाऱ्यास तो दिसला असण्याचा संभव नाहीं. परंतु त्यांनीं पिलांसाठीं जो शब्द योजिला आहे तो 'तलगें', आणि तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली कोंवळी कोंबडी हा शब्द खेड्यांतून अजून ऐकूं येतो. म्हणजे नांव संकेतांतलें, पण हालचाल अंगणांतली! कण टिपतांना मान हलकेंच खालीं घालणारी, चोंच कोठेंहि जोरानें न आपटणारी ती तलंग पाहिल्यावांचून 'मवाळपणें वेंचणें' ही कल्पना सुचत नाहीं. आमच्या परीक्षेस ही उपमा पुरेपूर उतरते. संकेत आड आला नाहीं, कारण त्याच्यामागें डोळा जागा होता.

संस्कृत बाजूस ठेवली तरी आणखी एक भांडार आमच्यापाशीं आहे, तें लोकांनीं ठेविलेल्या नांवांचें. धोबी हा पक्षी पाण्याकांठच्या दगडावर उभा राहून शेपूट वरखालीं आपटीत असतो. घाटावरचा धोबी ज्यानें पाहिला आहे त्यास अधिक वर्णनाची गरज नाहीं. तांबट झाडाच्या शेंड्यावर बसून एका लयींत टुक्‌टुक्‌ करतो. तांबटआळींतून जो एकदां गेला आहे त्याला नांव आपोआप कळतें. कोतवाल आपल्या घरट्याच्या आसपास कावळ्याला व घारीला फिरकूं देत नाहीं. सर्वांत मार्मिक नांव वंचकाचें. तळ्याकांठीं चिखलाच्या रंगाचा होऊन तो असा बसतो कीं पायाखालीं येईतों दिसत नाहीं. आणि उडाला कीं एकदम पांढरे शुभ्र पंख उघडतात. निळज्याच्या तलावावर गेल्या पौषांत आमच्यासमवेत आलेल्या एका विद्यार्थ्यानें हा प्रकार प्रथमच पाहिला, आणि 'सर, हा तर फसवतो!' असे उद्गार काढले. नांव त्यास ठाऊक नव्हतें. तें त्यानें नव्यानें शोधून काढलें म्हणावयाचें. प्रतिमा, विनोद आणि निरीक्षण ज्यांत एकवटलें आहे असे हे एकशब्दी निबंधच आहेत.

याच्या उलट इंग्रजी नांवांचीं शब्दशः भाषांतरें करून घडविलेलीं लांबलचक नांवें. रंग, अवयव आणि जात अशीं तीन पदें एकापुढें एक ठेविलीं कीं ओळख पटते, पण पक्षी डोळ्यांपुढें उभा राहत नाहीं. शेंकडों जातींना एकेक प्रमाण नांव असावें ही गरज आम्ही नाकबूल करीत नाहीं, आणि पक्षिमित्रांनीं त्यासाठीं घेतलेले श्रम मोलाचे आहेत. तथापि 'वटवट्या' किंवा 'गप्पीदास' यांसारखीं नांवें मराठींत सहज रुळलीं. तीं कां रुळलीं याचा विचार नवीं नांवें घडविणाऱ्यांनीं अवश्य करावा.

आतां 'परदेशी पाहुणे' या शब्दप्रयोगाकडे वळूं. हिवाळी लेखांत तो आला नाहीं असें सहसा होत नाहीं, आणि आमच्या मतें सर्वांत अधिक हानि यानेंच केली आहे. धोबी सप्टेंबर-ऑक्टोबरांत येतो आणि मार्च-एप्रिलांत जातो. म्हणजे वर्षाचे सहासात महिने तो आपल्या शेतांत व तळ्यांवर असतो. जो अर्धें वर्ष येथें जेवतो त्यास पाहुणा कसें म्हणावें? रोहितांविषयीं तर 'परदेशी' हा शब्दहि फारसा टिकत नाहीं. त्यांच्या विणीचें प्रसिद्ध स्थान कच्छच्या रणांत आहे. सालिम अलींनीं १९४५ सालीं तेथें जाऊन तें पाहिलें होतें. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें २०२२ सालीं येथील कांहीं रोहितांच्या अंगावर उपग्रहाशीं जोडलेलीं यंत्रें बसविलीं, तेव्हां ते येथून गुजराथच्या किनाऱ्याकडे गेल्याचें दिसून आलें. पाहुणा म्हटलें कीं त्याचें कौतुक करावयाचें, आणि तो गेला कीं विसरावयाचें. त्याच्या जागेवर हक्क मात्र आपला. रहिवासी म्हटलें कीं जागेचा प्रश्न उभा राहतो. एका रूपकानें एवढा फरक पडतो.

रूपकाखालीं झांकलें जातें तें आणखीहि आहे. रोहितांचे मोठे थवे या खाडीवर दिसूं लागले ते १९९० नंतरच्या दशकांत. लहान रोहिताचें मुख्य अन्न निळें-हिरवें शेवाळ. मान वांकवून, चोंच उलटी पाण्यांत धरून, जिभेनें पाणी आंतबाहेर करीत तो तें गाळून घेतो, आणि त्याच्या पंखांचा गुलाबी रंग या अन्नांतूनच येतो. हें शेवाळ खाडींत एवढें माजलें कशानें? दोन्ही कांठांवरील लक्षावधि घरांचें सांडपाणी तींत उतरतें, आणि त्यांतील नत्र व स्फुरद यांवर तें पोसतें, असें अभ्यासक सांगतात. म्हणजे ज्या गुलाबी छटेवर आमचे लेखक विशेषणें उधळतात ती कांहीं अंशीं आमच्याच घाणीवर फुललेली आहे. खाडीच्या वर्णनांत वास येत नसेल तर तें वर्णन अपुरें आहे, असें आम्ही म्हणतों तें याकरितां. येथें सौंदर्याची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. सौंदर्य आणि किळस एकाच चिखलांत उभीं आहेत, हा विषय कोणत्याहि समर्थ गद्यकारास आव्हान वाटावा असा आहे. त्यांतला धोकाहि उघड आहे. सुमारें १,६९० हेक्टरांचें रोहित अभयारण्य २०१५ सालीं घोषित झालें, २०२२ सालीं ठाणें खाडीस रामसर पाणथळ हा दर्जा मिळाला. आणि २०२४ च्या मे महिन्यांत घाटकोपरजवळ उतरत्या विमानाच्या धडकेनें पस्तीसांहून अधिक रोहित एका रात्रींत मेले. ठाण्यास २०१० सालीं आणि डोंबिवलीस २०१७ सालीं साहित्य संमेलनें भरलीं. खाडी कोणत्याच मंडपापासून फार दूर नव्हती.

हें गद्य कसें असावें याचे नमुने नाहींत असें नाहीं. इंग्रजींत गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्यानें १७८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत आपल्या एका खेड्याबाहेर फारसें पाऊल टाकलें नाहीं. परंतु एकसारख्या दिसणाऱ्या तीन वटवट्या पक्ष्यांतील भेद त्यानें आवाजावरून ओळखला. आमच्या अधिक जवळचा लेखक ई. एच्. ऐटकन्, साताऱ्यास जन्मलेला, जकात व मीठ खात्यांत नोकरी केलेला, १८८३ सालीं वरील सोसायटी स्थापणाऱ्यांपैकीं एक. मुंबईच्या रोजच्या पक्ष्यांवर त्यानें १९०० सालीं पुस्तक लिहिलें. कावळ्याविषयीं लिहितांना त्याचा विनोद जसा खुलतो तसा कौतुकानें कधींच खुलला नसता. मराठींत मारुति चितमपल्ली यांचें ऋण सर्वांवर आहे. २०२५ च्या जूनमध्यें ते गेले. नवेगांवबांधच्या तळ्याकांठीं धीवरांच्या व रानांतल्या माणसांच्या तोंडून त्यांनीं जे शब्द गोळा केले ते दुसऱ्या कोणास जमते असें वाटत नाहीं. कित्येक स्थळीं ऐकलेलें आणि पाहिलेलें यांतील सीमा ते पुसट करतात, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण त्यांची पानें आमच्या परीक्षेस घातलीं तर नांवें बदलतां येत नाहींत. व्यंकटेश माडगूळकरांचें 'नागझिरा' (१९७९) दुसऱ्या रीतीनें तेंच करतें. माडगूळकर रेखाटनें करीत. चित्रकाराची ती सवय त्यांच्या वाक्यांतहि आहे. एक रेघ, आणि थांबणें. मात्र हे दोघेहि दूर विदर्भांतल्या अरण्यांत गेले. रेल्वेच्या रुळालगतच्या डबक्याविषयीं, कारखान्याच्या नाल्यावर चालणाऱ्या शेकाट्याविषयीं, खारफुटीवर टाकलेल्या राडारोड्याविषयीं असें गद्य अजून लिहिलें जावयाचें आहे, आणि तें लिहिण्याची संधि या सहलवाल्यांस जितकी आहे तितकी दुसऱ्या कोणास नाहीं.

राहतां राहिली ती शेवटची यादी. ती काढून टाकावी असें आम्ही म्हणणार नाहीं. या लेखांत कित्येकदां तेवढाच भाग खरा असतो. पण तींत तारीख व तास देतात, तेवढ्यानें भागत नाहीं. ठाण्याच्या खाडीकांठीं आम्ही एकदां सकाळीं सातास जाऊन उभे राहिलों, तों समोर नुसतें पाणी. जाळें आवरीत असलेल्या एका वृद्ध कोळ्यानें सांगितलें, 'पाणी ओसरूं द्या, मास्तर. चिखल उघडा पडला कीं येतील.' दहाच्या सुमारास ते आले. चिखलावर चरणाऱ्या पक्ष्यांचें घड्याळ सूर्याचें नसून भरतीओहोटीचें असतें. या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, अष्टमीस सहाच्या सुमारास भरती, म्हणून ओहोटी बाराच्या सुमारास. खाडीच्या आंतल्या टोंकास थोडी उशिरां. त्या दिवशीं अष्टमी होती. पंचांग मराठी घरांतून अजून गेलेलें नाहीं. पण सहलीच्या लेखांत तिथि दिलेली आमच्या पाहण्यांत अद्याप आली नाहीं.