एकसारखे

आषाढात महाड-पोलादपूरकडे कोणालाही विचारा, पाऊस कसा आहे? उत्तर येईल, "एकसारखा चालू आहे." त्याच घरी दिंडीची तयारी चालली असेल तर ऐकाल, "सगळ्यांचे सदरे एकसारखे हवेत." शब्द एकच. पहिल्या ठिकाणी त्याचा अर्थ 'न खंडता', दुसऱ्या ठिकाणी 'दिसायला सारखा'. दिंडीची वर्णने लिहिताना आपण या दुसऱ्या अर्थालाच समता म्हणू लागलो आहोत. या वापराला माझी हरकत आहे.

भातलावणीआधी चिखलणी झाली की शेतकरी फळी फिरवून खाचर 'सारखे' करतो. उंचवट्यावरचे रोप पाण्यावाचून वाळते, खळग्यातले बुडते. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, पण त्याने खाचर सारखे होत नाही. ते करावे लागते.

महाडने हेच पाहिले. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. कागदावर सगळे एकसारखे झाले. तरी अस्पृश्य मानलेल्यांच्या ओंजळीत ते पाणी यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तळ्यावर उतरावे लागले. त्यानंतरही लोकांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केलेच. न्यायालयातला निकाल पूर्णपणे लागला तो १९३७ साली. ठराव एका दिवसाचा होता. तो खरा करण्याचे काम मात्र एकसारखे, न थांबता करावे लागले.

आपणही स्वतःला तपासावे. वारीत आपण एकमेकांना माउली म्हणतो, पायांवर डोके ठेवतो. तेवढ्यापुरता मनातला उंचवटा मोडतो, हे खरेच आहे. पण एका वर्षी फळी फिरवली म्हणून पुढच्या वर्षीचे खाचर सारखे राहत नाही. ज्याच्या पायांवर डोके ठेवले, त्याच्या घरचे पाणी गावी परतल्यावर आपण घेतो का? त्याला आपल्या पंगतीत बसवतो का?

म्हणून वाचकहो, यंदा दिंडीचे वर्णन लिहायला बसाल तेव्हा सदऱ्यांची ओळ पाहून 'समता' लिहू नका. आधी हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर 'हो' असेल, आणि एकादशी सरल्यावरही 'हो'च राहणार असेल, तर मग तो शब्द खुशाल लिहा.

राम कृष्ण हरि.