युरोपीय वेळापत्रकातील ‘अंतर’

वेगवान आगगाड्यांनी युरोपातील शहरे जवळ आणली, हे विधान आता रूढ झाले आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ शहरांच्या जोड्या व प्रवासास लागणारा वेळ यांचे कोष्टक दिले जाते. ते कोष्टक एक संहिता मानून वाचले असता त्या विधानाची मर्यादा ध्यानात येते.

मराठीत ‘अंतर’ हा शब्द स्थळ व काळ या दोहोंस लागू पडतो. कोष्टकातही काळ हेच स्थळाचे माप होते. पॅरिस–ल्यों प्रवास १९८३ मध्ये नवा लोहमार्ग पूर्ण झाल्यावर दोन तासांवर आला. लंडन–पॅरिस प्रवासास १९९४ मध्ये सुमारे तीन तास लागत. २००७ पासून तो सव्वादोन तासांचा झाला. मात्र हा काळ गाडी सुटल्यापासून पोचेपर्यंतचा होय. पारपत्राची तपासणी गाडीत बसण्यापूर्वीच होते. तिचा वेळ कोष्टकाबाहेर राहतो. शिवाय आकडा बहुधा सर्वांत जलद गाडीचा असतो. माद्रिद–बार्सेलोना अडीच तास, हे वाटेत न थांबणाऱ्या गाडीपुरतेच खरे. सारागोसा येथे थांबणाऱ्या गाडीने जाणाऱ्याचे ‘अंतर’ निराळे.

याहून महत्त्वाची गोष्ट कोष्टकात नसलेल्या ओळींची. नकाशावर माद्रिदपासून बार्सेलोना व लिस्बन ही दोन्ही शहरे सरळ रेषेत सुमारे पाचशे किलोमीटरांवर आहेत. पैकी बार्सेलोनाचा वेगवान मार्ग २००८ मध्ये पूर्ण झाला. लिस्बनला जाणारी रात्रीची थेट गाडी मात्र २०२० मध्ये बंद पडली. जलद गाड्यांच्या कोष्टकात या दुसऱ्या जोडीस स्थानच नाही. त्यामुळे ती दूर आहे, असेही ते कोष्टक सांगत नाही. पाणिनीय व्याकरणात प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचे कार्य शिल्लक राहते. गाळलेल्या ओळीचेही तसेच आहे: तिचा परिणाम प्रवाशास भोगावा लागतो.

तेव्हा दोष आकड्यांत नसून ‘शहरे’ या निर्विशेषण अनेकवचनात आहे. ज्या शहरांमध्ये मार्ग बांधावयाचे ठरले, ती जवळ आली. इतर होती तेथेच राहिली. हा निर्णय शासनांचा व द्रव्यबळाचा होता. ‘वेगाने शहरे जवळ आणली’ असे म्हणताच वेग कर्ता होतो आणि निर्णय घेणारे वाक्यातून नाहीसे होतात. कोष्टकांच्या अभ्यासकाने प्रथम हा कर्ता शोधावयास हवा.