जालाधारित नियंत्रणातील कालविलंब : एक चिकित्सा

संदेशवहन जलद झाले की दूरस्थ नियंत्रण आपोआप भरवशाचे होते, हे गृहीतक अभियांत्रिकीच्या अध्यापनात रूढ आहे. ते अपुरे आहे. 1 सेकंदाच्या विलंबाने 0.01 हर्ट्झच्या दोलनात 3.6 अंशांचा, तर 0.1 हर्ट्झच्या दोलनात 36 अंशांचा कलाफरक पडतो. म्हणजेच प्रश्न केवळ वेगाचा नसून विलंब आणि प्रक्रियेची गती यांच्या प्रमाणाचा आहे.

भारतीय वीजजालातील स्वयंचलित निर्मिती नियंत्रण दर 4 सेकंदांनी वीजकेंद्रांना संदेश धाडते. तेथे अल्प विलंब खपतो. वाहिनीतील बिघाडाला मात्र मिलिसेकंदांत उत्तर लागते, म्हणून संरक्षक रिले जागेवरच निर्णय घेतो. 12 ऑक्टोबर 2020 रोजी कळवा-पडघा पट्ट्यातील 400 के.व्ही. वाहिन्या बंद पडल्या. मुंबईला जालापासून अलग राखण्याची योजनाही टिकली नाही. शहरातील निर्मिती मागणीस अपुरी पडली. ही तूट केवळ जलद संदेशाने भरून निघत नाही.

कोणता निर्णय जागेवर व्हावा आणि कोणता दूरच्या केंद्रात, हा कळीचा प्रश्न होय. विलंब शून्य मानून शिकलेल्या विद्यार्थ्यास तो पडतच नाही. सबब, अभ्यासक्रमात विलंबास अपवादाचे नव्हे, मूलभूत चलाचे स्थान मिळणे अगत्याचे आहे.